चंद्राआड गेलेला शनी

श्रोतेहो, २४ जुलै २०२४ ची रात्र आठवून पाहा. त्या दिवशी आषाढातली संकष्टी होती. उपास करणारी मंडळी चंद्रोदयाची वाट बघत होती. चंद्र उगवला, नैवेद्य झाला, उपास सुटला आणि गाव झोपी गेले. पण ज्यांच्या घरी लहानशी दुर्बीण आणि एखादा कॅमेरा होता, त्यांची रात्र तिथून पुढे सुरू झाली. मध्यरात्र उलटल्यावर त्याच चंद्राने शनीला झाकले. भारताच्या बऱ्याच भागांतून हा प्रसंग दिसण्याजोगा होता. आषाढातले आभाळ; ढगांनी पुष्कळांची निराशा केली. जिथे आभाळ फाटले, तिथे हौशी मंडळींनी छायाचित्रे घेतली.

चंद्राने तारा किंवा ग्रह झाकला, की त्याला पिधान म्हणतात. चंद्र रोज सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो. म्हणजे तासाभरात साधारण स्वतःच्या रुंदीइतका. वाटेत कुणी आले, की ते त्याच्यामागे दडते. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा या नक्षत्रांचे ठळक तारे असे अधूनमधून झाकले जातात. मग ग्रह दर महिन्याला का झाकले जात नाहीत? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी तिरपी आहे. बहुतेक वेळा चंद्र ग्रहाच्या वरून किंवा खालून निघून जातो.

शिवाय चंद्र आपल्याला तसा जवळ, म्हणजे सुमारे ३ लक्ष ८४ हजार किलोमीटरवर. रेल्वेच्या डब्यातून जवळचे झाड बघा. आपण थोडे इकडेतिकडे सरकलो, की त्याच्यामागची टेकडी उघडी पडते किंवा झाकली जाते. तसेच इथेही होते. एका गावातून शनी चंद्राआड जातो, तर दूरच्या दुसऱ्या गावातून तो चंद्राच्या कडेला नुसता घासून जातो. म्हणून मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही. आपापल्या गावची वेळ काढावी लागते.

शनीचे नाव काढले, की कुणी विचारतो, “गुरुजी, हे अशुभ तर नव्हे?” याचे उत्तर अंतरातच आहे. त्या रात्री शनी आपल्यापासून सुमारे १३० कोटी किलोमीटरवर होता. चंद्राच्या साडेतीन हजार पट दूर. चंद्राचा प्रकाश आपल्याकडे सव्वा सेकंदात येतो, शनीचा यायला सव्वा तास लागतो. दोघांची गाठ पडलीच नाही. डोळ्यापुढे बोट धरले आणि डोंगर झाकला, तर बोटाने डोंगराचे काय बिघडते? तितकेच इथले समजा.

आता छायाचित्राकडे वळू. पहिली अडचण आकाराची. चंद्राचे चित्र भाकरीएवढे काढले, तर त्या प्रमाणात शनीचा गोळा जेमतेम मोहरीएवढा येईल. साध्या कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने चंद्रच मुळी अर्धा मिलिमीटर उमटतो, मग शनीची काय कथा! भिंगाची लांबी १००० मिलिमीटर असेल, तर चंद्र नऊ मिलिमीटर येतो. म्हणून दुर्बीण लागते. कॅमेरा दुर्बिणीला जोडतात, किंवा मोबाईल नेत्रभिंगाला घट्ट टेकवून बसवतात. हाताने धरलेला मोबाईल हलतो. लाकडाची चौकट करून बसवला, तर तेवढ्यानेही काम भागते.

दुसरी अडचण उजेडाची, आणि खरी मेख इथेच आहे. शनी सूर्यापासून आपल्या साडेनऊ पट दूर. तिथे ऊन पडते ते आपल्याकडच्या उन्हाच्या नव्वदाव्या हिश्शाइतके. त्याचे ढग चंद्राच्या काळपट मातीपेक्षा चांगले उजळ आहेत, तरीही त्याचा पृष्ठभाग चंद्रापेक्षा दहावीस पटींनी मंद दिसतो. चंद्राला बेताचा प्रकाश द्यावा, तर शनी अंधारात बुडतो. शनीला पुरेसा द्यावा, तर चंद्र चुन्यासारखा पांढरा होतो. मंगळाचे तसे नाही. ८ डिसेंबर २०२२ च्या पौर्णिमेला युरोप-अमेरिकेतून चंद्राने मंगळ झाकलेला दिसला. मंगळावरचे ऊन आपल्या निम्म्याहून थोडेच कमी, त्यामुळे दोघेही एकाच चित्रात नीट उतरू शकतात.

तिसरी अडचण वेळेची. चंद्राला हवा नाही, त्यामुळे तारा फुंकर मारल्यासारखा क्षणात विझतो. ग्रहाला मात्र रुंदी आहे. शनीचा गोळा झाकायला अर्धा मिनिट किंवा थोडे अधिक लागते, कड्यासकट मिनिटाहून जास्त. त्या रात्री कडे जवळजवळ कडेने दिसत होते. सुई टोचलेल्या मण्यासारखा शनी! पौर्णिमा होऊन गेलेली असल्याने तो चंद्राच्या उजळ कडेआड गेला आणि अंधाऱ्या कडेतून बाहेर आला. बाहेर पडण्याची जागा अगोदर ठाऊक नसेल, तर तेवढ्यात संधी गेलीच म्हणून समजा.

म्हणून जाणकार एकच चित्र घेत नाहीत, चित्रफीत घेतात. हवेच्या थरथरीमुळे ग्रह पाण्यातल्या नाण्यासारखा हलतो. शेकडो चित्रांतून स्थिर तेवढी निवडून संगणकावर एकावर एक ठेवली, की बारकावे उमटतात. कित्येकजण चंद्रासाठी एक आणि शनीसाठी एक अशी वेगळी चित्रे घेऊन जुळवतात. त्यात गैर काही नाही. मात्र तसे चित्राखाली स्पष्ट लिहावे. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रात शनी चंद्राएवढा तेजस्वी आणि लिंबाएवढा मोठा दिसला, तर भाकरी आणि मोहरीचे माप लावून पाहा. मुलांना हे माप शिकवणे हाच विज्ञानाचा मोठा धडा आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. पुढचे पिधान आपल्या गावातून दिसणार असेल, तेव्हा आदल्या रात्रीच चंद्राच्या कडेवर दुर्बीण स्पष्ट करून ठेवा. एका मुलाच्या हाती घड्याळ द्या, दुसऱ्याच्या हाती वही. ग्रह कडेला टेकला, पुरता गेला, पुन्हा दिसला, अशा वेळा सेकंदापर्यंत टिपा. कॅमेरा नसला तरी अडत नाही. ढग आले, तर ढग आले असेच लिहा. चार गावांच्या शाळांनी आपापल्या वह्या शेजारी ठेवल्या, तर वेळा जुळणार नाहीत. आणि त्या का जुळत नाहीत, हे मुलांना सांगायला फळ्यावरच्या आकृतीहून चांगले साधन मिळेल.