पार्ट बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

सुट्टी लागली की आपल्याकडे सगळं घर एकाच गाडीत बसून गावी निघतं. पुढे अब्बा, मागे अम्मी, दादी आणि मुलं, डिकीत पिशव्या. अशा भरलेल्या गाडीने आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरायचा तर सगळा भरवसा ब्रेकवर असतो. त्यातच समोर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘पी ०५५७’ असा कोड दिसतो आणि मेकॅनिक म्हणतो, “बूस्टर गेला, बदलावा लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस चर्चा चालते. या कोडचा खरा अर्थ कळला, तर त्या चर्चेत आपल्यालाही चार प्रश्न विचारता येतील.

आधी बूस्टर म्हणजे काय ते पाहू. ब्रेक पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला एक मोठा गोल डबा असतो. त्यातली हवा ओढून घेतलेली असते. पेट्रोल गाडीत हे काम बहुधा इंजिनच करते, तर डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप असतो. आपण पेडल दाबले की बाहेरच्या हवेचा दाब मदतीला येतो आणि थोड्या जोरात गाडी थांबते. अनेक नव्या गाड्यांत, विशेषतः सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत, या डब्यावर किंवा त्याच्या होस पाईपवर एक छोटा सेन्सर असतो. डब्यातली ओढ कमी झाली तर इंजिन पुन्हा सुरू कर, असे कॉम्प्युटरला त्याच्यामुळेच कळते.

या सेन्सरला सहसा तीन वायरी असतात. एकीतून कॉम्प्युटर त्याला ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थची आणि तिसरीतून सेन्सर उत्तर पाठवतो. हे उत्तर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मधे असते, नेमके आकडे गाडीनुसार बदलतात. ते जवळजवळ शून्यावर आले की कॉम्प्युटर ‘पी ०५५७’ लिहून ठेवतो. म्हणजे कोड एवढेच सांगतो, की या सेन्सरच्या सर्किटमधून फार कमी व्होल्टेज येते आहे. बूस्टर खराब झाला, असे तो सांगत नाही. सेन्सर खराब झाला, असेही नाही. बॅटरी उतरली, असा तर त्याचा मुळीच अर्थ नाही, तरी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स एकदा पाहून घ्यावीत.

आता घरी करण्यासारखी एक तपासणी. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. तसेच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर मदत करतो आहे. ते दगडासारखे कडकच राहिले, तर ओढच तयार होत नाही किंवा कुठून तरी गळते आहे. अशा गाडीचा ब्रेक लागतो, पण पायाला खूपच जोर लावावा लागतो. ती गाडी घेऊन घाटात जाऊ नये. (लाल ब्रेकचा दिवा लागला, तर हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल आधी पाहा, तो प्रश्न वेगळा.) काही गाड्यांत विजेवर चालणारा पंप याच सेन्सरच्या सांगण्यावरून चालतो, त्यामुळे पेडल ठीक वाटले तरी दुरुस्ती लांबवू नका.

पुढचे काम जाणकाराचे. आमच्या वस्तीत गॅरेजच्या उस्तादाकडे मुले शागीर्द म्हणून राहतात आणि काही हुशार उस्ताद आता पान्याइतकाच मल्टिमीटरही हातात ठेवतात. माझ्या मामेभावाच्या गाडीला एका ठिकाणी बूस्टर बदलायला सांगितले होते. आमच्या उस्तादाने आधी स्कॅनरवर सेन्सरचा चालू आकडा पाहिला. पेडल दाबल्यावर तो हलायला हवा, पण तो ०.१ व्होल्टवर अडकला होता. मग कनेक्टर काढून, किल्ली फिरवून त्याने दोन वायरींमध्ये मोजले. ५ व्होल्ट पुरे येत होते.

ते आले नसते, तर? एकच ५ व्होल्टची लाइन पुष्कळदा दोन-तीन सेन्सर वाटून घेतात आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्टेज पडते. मग एकेक सेन्सर काढून दोषी कोण ते शोधावे लागते. अर्थची वायर तुटली, तर मात्र सहसा उलटे होते, आकडा वर चढतो. म्हणजे कोडमधला ‘कमी’ हा शब्दसुद्धा तपास थोडा सोपा करतो.

इथे ५ व्होल्ट ठीक होते, म्हणून संशय सेन्सरवर किंवा तिसऱ्या वायरीवर उरला. बॅटरी सोडून, वायरीची दोन्ही टोके मोकळी करून उस्तादाने ती वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मीटर लावला. मीटर वाजला. वायर कुठेतरी बॉडीला टेकली होती. शोधता शोधता एका पत्र्याच्या कडेला घासून सोललेला तुकडा सापडला. पावसाळ्यात उंदीरही हेच उद्योग करतात. वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली, पत्र्यापासून लांब बांधली आणि काम झाले. अशा बारीक वायरींवर जुना बल्बवाला टेस्टर लावू देऊ नका, तो जास्त करंट ओढतो आणि कॉम्प्युटरला इजा होऊ शकते.

कोड नुसता पुसला की दिवा जातो आणि काही लोक त्यालाच दुरुस्ती म्हणतात. गाडी ताब्यात घेताना स्कॅनर पुन्हा लावायला सांगा. इंजिन बंद, किल्ली चालू. तुम्ही पेडल दाबाल तसा पडद्यावरचा आकडा पायरीपायरीने बदलला पाहिजे. मग एक फेरी मारून या आणि कोड परत आला का ते पाहूनच पैसे द्या.