पट्टा सोडल्यानंतरची सात मिनिटं

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने २०१८ साली आपल्या दर्जाबद्दल १६२ निकषांवर माहिती बाहेर कळवली. ती गोळा करायला, तपासायला आणि पाठवायला माणसांचे १,०८,४७८ तास गेले. नुसत्या मनुष्यबळाचा खर्च पन्नास लाख डॉलरच्या वर. हा हिशेब २०२३ मध्ये तिथल्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा डॉलरपेक्षा तासांचा आकडाच माझ्या डोक्यात बसला. एक लाख तास कुणीतरी पेशंटकडे पाठ आणि पडद्याकडे तोंड करून बसलं होतं, तेही पेशंटची काळजी नीट घेतली जाते आहे हे सिद्ध करायला.

आपल्याकडे हे तास कोण भरतं ते पाहायला मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सातारा निवडण्यामागे कारण होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटनेचं भारतातलं कार्यालय आणि राज्य सरकारं यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून सुरुवातीला जे चार जिल्हे घेतले त्यातला हा एक. बाकीचे सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मला पुरस्काराचं अप्रूप नव्हतं. मोजण्यासारख्या शंभर गोष्टी समोर असताना इथे मुख्य म्हणून एकच निवडली गेली, याचं होतं. केंद्रात नोंदवलेल्या पेशंटांपैकी किती जणांचं बीपी गेल्या तीन महिन्यांत १४०/९० च्या खाली आलेलं आहे, एवढाच प्रश्न.

बाजारचा दिवस होता. केस पेपर काढायला रांग, औषधाच्या खिडकीशी दुसरी रांग, आणि एनसीडीच्या, म्हणजे बीपी-मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांच्या, खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक. बाकावर बसलेल्यांना पुढे सरकायची घाई, आणि सिस्टर कुणालाच घाईने आत घेत नव्हत्या.

"आजी, आधी पाच मिनिटं बसा."

"अगं, यष्टी जाईल माझी."

"जाऊ दे. दुसरी येती."

बीपी घेण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही, बोलायचं नाही. हा नियम जगभर सारखा आहे आणि जगभर सारखाच मोडला जातो. इथे तो पाळला जातो की नाही हे पाहायचं माझ्या मनात होतं. आजी बुटक्या होत्या, खुर्चीवर बसल्यावर त्यांचे पाय लोंबकळत राहिले. सिस्टरांनी एक शब्द न बोलता सलाईनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पायानेच ढकलत आणलं आणि आजींच्या पावलांखाली सरकवलं. मग पट्टा बांधला.

लोंबकळत्या पायांनी आकडा वर जातो. मग ज्या बाईला गोळी वाढवायची गरज नाही तिची गोळी वाढते. ते खोकं कुठल्याच तपासणी सूचीत नाही. मी नंतर रजिस्टरं, फॉर्म, भिंतीवरचे तक्ते पुष्कळ पाहिले, आणि दर वेळी मला तेच वाटत राहिलं: या खोलीतली दर्जाची सगळ्यात मोठी खूण ते खोकं आहे आणि त्याला शून्य गुण आहेत.

यंत्राने १४२/८८ दाखवलं. महिन्याची २९ तारीख होती. आणखी तीन अंक खाली, म्हणजे १३९ लिहिलं असतं, तर आजी 'नियंत्रणात' या रकान्यात गेल्या असत्या आणि केंद्राची टक्केवारी तेवढीच वर सरकली असती. सिस्टरांनी पुन्हा एकदा घेतलं, पुन्हा १४२. त्यांनी कार्डावर १४२ लिहिलं.

हे मी मुद्दाम सांगते, कारण एका आकड्यावर सगळं तोलायचं ठरलं की त्या आकड्याला हात लावायचा मोह होतोच. कपाटातलं एक जुनं रजिस्टर त्यांनी मला काढून दाखवलं, पाऱ्याच्या यंत्राच्या काळातलं. अख्ख्या पानावर १३०/८०, १२०/८०, १३०/८०, १४०/९०. पाऱ्याच्या पट्टीवर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात, त्यामुळे विषम आकडा यायचाच नाही. पण सगळ्या गावाचं बीपी शून्यावर येऊन थांबतं, असं गाव महाराष्ट्रात नाही. घाईत ऐकलं की कान जवळचं शून्य पकडतो. कधी कधी ऐकलंही जात नाही. डिजिटल यंत्राने एवढं केलं की आकडा आता खोलीतल्या सगळ्यांना दिसतो, पेशंटलासुद्धा. आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण "एकशे बेचाळीस" हे त्यांनीच आधी म्हटलं.

पट्टा सोडल्यावर दोन गोष्टी झाल्या, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिली: आजींच्या पासपोर्टवरचा, म्हणजे त्यांच्याजवळच असणाऱ्या बीपीच्या कार्डावरचा क्यूआर कोड सिस्टरांनी मोबाईलने स्कॅन केला. 'सिंपल' नावाचं ॲप आहे, ते उघडलं. बीपीचा आकडा, गोळी तीच की बदलली, पुढची तारीख. झालं. "तेरा-चौदा सेकंद," सिस्टर म्हणाल्या, "ट्रेनिंगला सांगितलं तेव्हा खोटं वाटलं. मग घड्याळ लावून बघितलं." रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, नंतर आपोआप जाते.

दुसरी: तीच आजी, तोच १४२, आता राष्ट्रीय एनसीडी पोर्टलवर. शिवाय ओपीडीच्या रजिस्टरात. शिवाय महिन्याच्या शेवटी तक्त्यात बेरीज. पोर्टलचं पान उघडायला फिरतं चक्र, मग पेशंट शोधा, मग एका पानावरून दुसऱ्या पानावर.

"याला किती वेळ?"

"सात मिनिटं. रेंज असली तर."

बाजारच्या दिवशी साठेक पेशंट येतात. साठ गुणिले सात म्हणजे सात तास. ओपीडी तेवढी चालतसुद्धा नाही. म्हणून पोर्टलची भरती रात्री घरी होते, जेवणं आटोपल्यावर, स्वतःच्या डेटा पॅकवर. ही सात मिनिटं कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेली नाहीत. ती सिस्टरांच्या झोपेतून येतात. केंद्रातल्या एएनएमची, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेची, गोष्ट वेगळी नव्हती. गरोदर बायांचं पोर्टल, लसीकरणाचं, साथरोगांचं, क्षयरोगाचं, आरोग्य माहिती प्रणालीचा (एचएमआयएस) महिन्याचा अहवाल. त्या पिशवीत बाळाचा वजनकाटा वर आणि रजिस्टरं खाली ठेवतात, कारण वजन रजिस्टरांचंच जास्त असतं, असं त्या हसत म्हणाल्या.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना मी विचारलं की एका पेशंटची नोंद दोनदा कशाला. तरुण डॉक्टर, बोलायला मोकळे. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. सिंपल फक्त बीपी आणि शुगरच्या पेशंटपुरतं आहे. पोर्टलचा पसारा तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा आहे, त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोगही येतो. ज्याला आजार आहे हेच माहीत नाही त्याला शोधायचं तर मोठी यादी लागणारच. "छोटं ॲप छान वाटतं, कारण त्याने स्वतःवर छोटंच काम घेतलंय," ते म्हणाले. बरोबर आहे. पण मोठ्या यादीने छोट्या यादीतून नोंदी उचलून घ्याव्यात, माणसाने त्या हाताने दुसऱ्यांदा का भराव्यात, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. त्यांनी खांदे उडवले आणि पुढचा केस पेपर घेतला.

यात वरून येणाऱ्या लक्ष्याचाही हात आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलं की २०२५ पर्यंत बीपी आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना प्रमाणित उपचाराखाली आणायचं. उपचाराखाली आणणं वेगळं आणि बीपी आटोक्यात येणं वेगळं. पहिल्याला नाव नोंदवलं की भागतं. दुसऱ्याला तोच माणूस महिन्यामागून महिना यावा लागतो, गोळ्या मिळाव्या लागतात, आणि खुर्चीखाली खोकं सरकवणारं कुणीतरी लागतं.

दुपारी दोननंतर बाक रिकामा झाला आणि सिस्टरांनी ॲपमधली दुसरी यादी उघडली: ठरलेल्या तारखेला न आलेले. नावापुढेच फोनचं चिन्ह. त्या एकेकाला फोन लावत गेल्या. एकाचा फोन सुनेने उचलला, म्हातारा शेतावर होता. एक बाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. एक जण नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी. या भागातली निम्मी माणसं तिकडेच असतात, दिवाळी आणि जत्रेला गावी. "गोळ्या संपल्या का? मग? बरं वाटतंय म्हणून थांबलास होय रे? कार्ड आहे ना जवळ, तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखव." पलीकडचा काहीतरी म्हणाला. "ते मला नको सांगूस, बायकोला दे फोन."

त्या दिवसभरात मी पाहिलेल्या सगळ्या आकड्यांत सिंपलमधला हा एकच असा होता, जो वर गेला आणि पुन्हा खाली आला. सकाळी लिहिलेलं दुपारी फोन नंबर होऊन हातात पडलं. बाकीची रजिस्टरं विहिरीसारखी. टाकत राहायचं, आवाजसुद्धा येत नाही.

म्हणून या एका आकड्याला मी अगदी निर्दोष ठरवणार होते. पण त्याच्यातही एक फट आहे, आणि ती सिस्टरांनीच दाखवली. तीन महिने न आलेला माणूस टक्केवारीत आपल्या विरुद्ध मोजला जातो. हे चांगलं, कारण त्यामुळे त्याला फोन जातो. पण बारा महिने आला नाही की तो भागाकारातूनच गळतो. 'संपर्क तुटला' अशा वेगळ्या रकान्यात जातो आणि केंद्राची टक्केवारी सुधारते. माणूस कायमचा हरवला तर कागदावर फायदाच. हिशेबाच्या दृष्टीने त्याला कारण आहे: मेलेले, गाव सोडून गेलेले किती काळ धरायचे? पण सिस्टर टेबलाच्या खणात शंभर पानी वही ठेवतात. त्यात ही गळलेली नावं, पुढे वाडी, पुढे 'मुलगा पुण्यात', 'पॅरालिसिस झाला', 'देवाघरी', 'खाजगीत जातो'. ही वही कुणी मागितलेली नाही. तिचा नमुना नाही, तिला क्रमांक नाही. दिवसभर नोंदींना वैतागलेली बाई ही एक नोंद मात्र न सांगता ठेवते, त्यामुळे नोंदींचा कंटाळा हे तिचं दुखणं आहे असं मला तरी म्हणता येणार नाही.

निघण्याआधी मी भिंतीवरचा आलेख पाहत होते. टक्केवारीची रेघ चढत गेलेली, मध्येच एके ठिकाणी धपकन खाली. मी विचारलं, इथे काय झालं?

"गोळ्या नव्हत्या." टेल्मिसार्टन दोनेक महिने वरून आलीच नव्हती. एरवी एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या हातात देतात. त्या दिवसांत दहा दिवसांच्या देऊन पाठवायची वेळ आली. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी एसटीचे पैसे खर्चून दुसऱ्यांदा कोण येणार? लोक आले नाहीत, आकडा पडला, आणि आढावा बैठकीत सिस्टरांना उभं करून विचारलं गेलं की तुमचं काम का घसरलं.

"शिल्लक गोळ्यांचा आकडा दर महिन्याला मीच भरते," त्या कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाल्या. "तो पण वर जातो. त्याच्यासाठी कुणाला उभं करतात ते काय मला अजून दिसलं नाही."