मोठ्या गृहप्रकल्पांचे स्थानिक नियोजन : लोकसहभाग आणि पारदर्शकता

प्रस्तावना

चंडीगडच्या विमानतळाजवळ एअरोसिटी ही मोठी निवासी वसाहत आहे. लोक तिचा उल्लेख चंडीगडच्या नावाने करतात, पण ती पंजाब राज्यातील मोहाली (साहिबजादा अजितसिंग नगर) जिल्ह्यात येते. तिची आखणी चंडीगड प्रशासनाने केलेली नाही. ती ग्रेटर मोहाली एरिया डेव्हलपमेंट अथॉरिटीने, म्हणजेच 'गमाडा'ने केली आहे. हे राज्य शासनाने १९९५ च्या पंजाब प्रादेशिक व नगररचना आणि विकास अधिनियमाखाली नेमलेले प्राधिकरण आहे. गावच्या सरपंचाला किंवा शहराच्या नगरसेवकाला त्याच्या निर्णयांवर थेट अधिकार नाही. म्हणून अशा प्रकल्पाचा अभ्यास करताना पहिला प्रश्न असा विचारावा : निर्णय कोण घेतो, आणि त्याला आपले म्हणणे कधी सांगता येते?

या पाठात आपण यातील 'कधी' या शब्दाकडे विशेष लक्ष देणार आहोत.

लोकांना बोलण्याची संधी कोठे मिळते?

कायद्यात अशी संधी प्रामुख्याने दोन टप्प्यांवर मिळते.

१) *विकास आराखडा.* कोणती जमीन शेतीची राहील, कोणती निवासी होईल आणि रस्ते कोठून जातील हे आराखड्यात ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात अशीच तरतूद आहे.

२) *भूसंपादन.* एअरोसिटीची मूळ आखणी झाली तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्यात केवळ जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला ३० दिवसांत हरकत घेता येत असे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या कायद्याने हे चित्र बदलले. आता सामान्यतः अधिसूचनेपूर्वीच सामाजिक परिणाम मूल्यांकन करावे लागते. त्यात ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करणे, जनसुनावणी घेणे आणि अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यानंतर प्राथमिक अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास ८० टक्के, तर सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते.

पर्यावरण मंजुरीच्या टप्प्यावर मात्र ही संधी नाही. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या बांधकामांना आणि नगरवसाहतींना मंजुरी घ्यावी लागते, पण त्यांना सर्वसाधारणपणे जनसुनावणीतून सूट आहे. खाणीसाठी गावकऱ्यांना सुनावणीत बोलता येते, हजारो घरांच्या वसाहतीसाठी ते शक्य नसते. त्यामुळे वरील दोन टप्प्यांचे महत्त्व आणखी वाढते.

लँड पूलिंग : स्वेच्छा आणि सहभाग यांतील फरक

लँड पूलिंगमध्ये शेतकरी रोख मोबदल्याऐवजी विकसित भूखंड स्वीकारतो. पंजाबच्या २०२५ च्या धोरणात एका एकरामागे १,००० चौरस वार निवासी आणि २०० चौरस वार व्यापारी भूखंड देऊ केला होता. एक एकर म्हणजे ४,८४० चौरस वार. म्हणजे जवळपास एक चतुर्थांश जमीन मालकाकडे परत येते. उरलेल्या जमिनीवर रस्ते, उद्याने व इतर सोयी होतात आणि काही भाग प्राधिकरण विकते.

'ही योजना ऐच्छिक आहे, मग वेगळे मूल्यांकन कशाला?' असा युक्तिवाद केला जातो. पण संमती देतो तो जमिनीचा मालक. त्याच शिवारात मजुरी करणाऱ्याला किंवा जमीन कसणाऱ्या कुळाला कोणी विचारत नाही, आणि भूखंडही मिळत नाही. २०१३ च्या कायद्यात मात्र, संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका प्रामुख्याने त्या जमिनीवर अवलंबून होती असे शेतमजूर व कूळही 'बाधित कुटुंब' ठरतात. मूल्यांकन झाले, तरच त्यांची नोंद होते.

हा प्रश्न २०२५ मध्ये न्यायालयात गेला. सामाजिक व पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन न झाल्याच्या मुद्द्यावर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये या धोरणाला अंतरिम स्थगिती दिली. काही दिवसांतच राज्य शासनाने धोरण मागे घेतले. सुनावणी टाळून वाचवलेला वेळ अखेर असा वाया जातो.

हरकती वेळेत घेतल्या तर

याच्या उलट अनुभव मुंबईचा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. नागरिकांनी नकाशे तपासून चुका दाखवल्या आणि हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये तो आराखडा रद्द करण्यात आला आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले. विलंब झाला हे खरे, पण चुका कागदावर असतानाच सापडल्या. इमारती उभ्या राहिल्यावर त्या सुधारता आल्या नसत्या.

पारदर्शकता म्हणजे काय?

माहिती संकेतस्थळावर टाकली म्हणजे पारदर्शकता आली, असे नाही. माहिती वेळेवर, समजेल अशा भाषेत आणि कारणांसह मिळायला हवी. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये स्वतःहून प्रसिद्ध करणे आणि बाधितांना निर्णयाची कारणे देणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. २०१६ च्या रेरा कायद्यामुळे घर घेणाऱ्याला प्रकल्पाची माहिती मिळते, पण शेजारच्या गावाला त्यामुळे निर्णयात स्थान मिळत नाही.

शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यांच्या मते केवळ माहिती देणे किंवा मत विचारणे या मधल्या पायऱ्या आहेत. निर्णयात खरा वाटा मिळतो तो त्यांच्या वरच्या पायऱ्यांवर.

सारांश

मोठ्या वसाहतीत सहभागाचे मोल तो कोणत्या टप्प्यावर मिळतो यावर ठरते. नकाशा पक्का होण्यापूर्वी हरकत घेतली, तर तिने आराखडा बदलू शकतो. नंतर घेतलेली हरकत बहुधा भरपाईच्या वादापुरती उरते.

स्वाध्याय

१. लँड पूलिंगमधील संमती आणि लोकसहभाग यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या शहराचा प्रारूप विकास आराखडा केव्हा प्रसिद्ध झाला आणि हरकतींसाठी किती दिवस मिळाले, ते शोधा.
३. नगरवसाहतींना पर्यावरणीय जनसुनावणीतून दिलेली सूट योग्य आहे का? सकारण लिहा.