रास्नेला नको असलेलं खत

छत्तीसगडच्या रानांत झाडांच्या फांद्यांवर रास्ना हे ऑर्किड वाढतं. मातीशी त्याचा संबंध नाही. उघडी मुळं पावसातून, धुळीतून मिळेल तेवढंच अन्न शोषतात. अशा काटकसरी वनस्पतीला आयतं खत मिळालं तर बरंच, असं वाटेल. तसं होत नाही. रायपूरभोवतीचे कोळसा जाळणारे कारखाने आणि वाहनं नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतात, भातशेतीतल्या युरियातून अमोनिया उडतो. यातला बराचसा नायट्रोजन पावसाबरोबर खाली येतो, हेच ते आयतं खत. ऑर्किडच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतोच. रानात विशिष्ट बुरशीने पोसल्याशिवाय त्या रुजत नाहीत, आणि जास्तीच्या नायट्रोजनने नेमकी ही बुरशीच घटू शकते. जमिनीवरच्या ऑर्किडांवर तर फोफावलेलं गवतही मात करतं. रास्ना फुललेली दिसली, तरी शेजारी नवी रोपं आहेत का, तेही जरूर पाहा.