कोलेस्टेरॉल उतरले, पण मनाचे काय?

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडताच आपली नजर प्रथम कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते. तो 200 च्या आत असला की आपण निर्धास्त होतो. हृदयाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र त्यावरून मनाच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येत नाही.

कॅलिफोर्नियातील वृद्ध पुरुषांची पाहणी 1993 मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडलेल्या ज्या पुरुषांचे कोलेस्टेरॉल 160 मिलिग्रॅमपेक्षा कमी होते, त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण इतरांच्या तिप्पट आढळले. पुढे फ्रान्समध्ये 65 वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा सात वर्षे पाठपुरावा करण्यात आला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत स्त्री-पुरुषांमधील फरक समोर आला. पुरुषांमध्ये नैराश्याचा संबंध कमी एलडीएलशी, म्हणजे ज्याला आपण 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतो त्याच्याशी दिसला. स्त्रियांमध्ये तो कमी एचडीएलशी, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलशी दिसला.

मग कोलेस्टेरॉल घटल्यामुळेच मन खचते का? तसे सिद्ध झालेले नाही. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचे कार्य त्यामुळे मंदावत असावे, असा एक तर्क मांडला गेला. परंतु मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्तातील कोलेस्टेरॉल त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. उलट, उदास माणसाची भूक मरते, वजन उतरते आणि त्यामुळेही कोलेस्टेरॉल घटते. वार्धक्यातील दीर्घ आजारांतही तेच घडते. म्हणजे घटलेला आकडा हे कारण नसून परिणामही असू शकतो. स्टॅटिन औषधांच्या मोठ्या चाचण्यांतही नैराश्य वाढल्याचे दिसलेले नाही. म्हणून डॉक्टरांना न विचारता या गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

वैनगंगेकाठच्या आरमोरीसारख्या धानाच्या पट्ट्यात या माहितीला वेगळे महत्त्व आहे. भात-वरणावर जगणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाला ना हृदयरोग होतो, ना नैराश्य. हे दोन्ही शहरी सुखवस्तूंचे आजार, असा समज अनेकांच्या मनात असतो. तो दोन्ही बाबतींत चुकीचा आहे. याच गडचिरोली जिल्ह्यात आयुष्य वेचणारे डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात स्वतःच्या आजाराच्या निमित्ताने हृदय आणि मन यांचे नाते मराठी वाचकांपुढे मांडले, ते अनेकांना आठवत असेल.

नैराश्य स्त्रियांमध्ये अधिक आढळते. परंतु 2022 च्या राष्ट्रीय नोंदींनुसार देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांपैकी सुमारे सात पुरुष होते. पुरुष मनातले दुःख सहसा बोलून दाखवत नाहीत. ते चिडचिड, दारू किंवा अबोला यांतून बाहेर पडते. म्हणून घरातील वडीलधारी व्यक्ती दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, तिची झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, तर 'वयोमानामुळे' म्हणून सोडून देऊ नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे, किंवा 14416 या 'टेलिमानस'च्या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतूनही सल्ला मिळतो.

हृदयाची तपासणी रक्ताच्या थेंबातून होते. मनाची तपासणी मात्र कोणीतरी आस्थेने विचारल्याशिवाय सुरूच होत नाही.