बँड फुटला, गाणं उरलं!

बँड फुटला की गायकानं काय करायचं? फ्रँक टर्नरला विचारा. लंडनच्या ‘मिलियन डेड’ या हार्डकोर पंक बँडमध्ये तो घसा फाटेस्तोवर ओरडायचा. दोन अल्बम झाले आणि २००५ मध्ये खेळ खल्लास! तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम २३.

पठ्ठ्यानं नवा बँड जमवण्याऐवजी अकूस्टिक गिटार उचलली. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ डोक्यात घुमत होताच. पण गोंगाटात शब्द लपून जातात. एकट्या गिटारवर प्रत्येक शब्द ऐकू येतो. म्हणजे लिहायचं तर खरंच लिहायला हवं. मिळेल तिथे तो गात सुटला. २००७ मध्ये पहिला सोलो अल्बम आला. २०१२ मध्ये वेम्ब्ली अरीना आणि लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाआधीचा परफॉर्मन्स. २०२२ मध्ये ‘एफटीएचसी’ हा अल्बम ब्रिटनमध्ये नंबर वन, आणि त्यात जुना हार्डकोर आवाज पुन्हा हजर!

प्रत्येक सोलो शोला तो नंबर देतो. डिसेंबर २०१६ मध्ये २००० वा झाला. पंकची ती जिद्द अशी मोजता येते.

प्लेसमेंटच्या धामधुमीत कॉलेजचे बँड मोडतात. ड्रमर बेंगळुरूला, बेसिस्ट परदेशात. पण गिटार तुमच्याकडेच आहे ना?