अठ्ठावीस खोल्यांची हवा

जुन्या विटांच्या घरात राहत असाल तर एक करून बघा. भिंतीजवळ जा, दोन विटांमधली रेघ शोधा आणि तिच्यावरून किल्लीचं टोक ओढा. भुरभुरीत पांढरट पूड खाली पडली? मग तुमची भिंत चुन्यात बांधलेली आहे. पूड पडली म्हणून लगेच सिमेंट आणायला धावू नका. ती रेघ झिजली आहे हे खरं; पण झिजण्याचं काम तिच्याकडेच दिलेलं आहे, आणि ते तिने इमानाने केलं आहे.

गवंडी या रेघेला दरज म्हणतात. 'दरजा भरायला झाल्यात' हे वाक्य जुन्या घराच्या मालकाला कधी ना कधी ऐकावं लागतं. आपल्याला भिंतीत विटा दिसतात, दरजा दिसत नाहीत. पण जरा हिशेब मांडू. वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद, ९ उंच आणि दरज एक सेंटिमीटरची धरली, तर एका चौरस मीटर भिंतीत साडेचौदा मीटर दरज निघते. दहा फूट बाय दहा फुटांच्या भिंतीत सुमारे १३५ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या साडेसहा खेळपट्ट्या टोकाला टोक लावून! आणि आकारमान बघितलं तर जिला आपण विटांची भिंत म्हणतो तिचा २३ टक्के भाग वीट नसतोच.

मग हा २३ टक्के भाग आहे तरी काय? दगड. एकदा भाजलेला, पाण्याने विरवलेला आणि भिंतीत बसून परत दगड झालेला.

चुनखडी भट्टीत घालायची आणि नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि छप्पन्न किलो चुनकळी उरते. कोकणात आणि गोव्यात हेच काम शिंपल्यांवर चालायचं. कालवाने समुद्रातून वेचून अंगावर रचलेला चुना माणसाने भाजून भिंतीत घातला.

या चुनकळीवर पाणी टाकलं की ती फुसफुसते, तडकते, वाफा सोडते. खाली जाळ नाही, तरी पिंपातलं पाणी खदखदायला लागतं. (जवळ उभं राहायचं असेल तर डोळ्यांवर चष्मा हवा, इथे थट्टा नाही.) ही उष्णता आली कुठून? भट्टीतूनच. चुनखडी फोडायला जेवढी उष्णता खर्ची पडली, तिच्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त पाणी लागताच परत मिळते. आणि बाकीची? तीही परत येते, पण भिंतीत, वर्षानुवर्षं, इतकी सावकाश की हाताला कधी कळत नाही. शेवटी जमाखर्च तंतोतंत जुळतो. चुनखडी फोडायला लागलेली उष्णता कुठेही हरवलेली नसते.

विरवलेला चुना तुमच्या ओळखीचा आहे. पानाला लावतो तोच. तो पाण्यात ढवळून ठेवला की वर जे नितळ पाणी येतं ती चुन्याची निवळी. शाळेत या निवळीत नळीने फुंकर मारल्याचं आठवतं? पाणी दुधाळ होतं, आपण वहीत 'कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याची निवळी पांढरी होते' असं लिहितो आणि घंटा होते. पण ते दुधाळ म्हणजे काय होतं, हे कुणी थांबून सांगितलं नाही. ती चुनखडी होती! तुमच्या फुंकरीने पाण्यात दगड तयार झाला होता.

दरजेत घातलेला चुना हेच करतो. फुंकर मारायला तिथे कुणी नसतं, म्हणून हवेतून मिळेल तेवढा वायू घेत बसतो. आणि हवेत तो असतो किती? जेमतेम ०.०४ टक्के. एक किलो विरवलेला चुना पुरता दगड व्हायचा तर त्याला सुमारे ६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरली, तर असा अठ्ठावीस खोल्यांमधल्या हवेतला सगळाच्या सगळा वायू. एका किलोला! हा वायू पोटात घेऊन आणि आतलं पाणी सोडून त्या किलोचं वजन होतं एक किलो ३५० ग्रॅम. भिंत हवा खाऊन जड होते. तुमच्या आजोबांनी संध्याकाळी ओसरीवर बसून सोडलेल्या सुस्काऱ्यांतलाही थोडा भाग त्या दरजांमध्ये दगड होऊन बसलेला असणार.

एवढ्या कष्टाने झालेला हा दगड विटेपेक्षा मऊच राहतो. हा त्याचा दोष आहे, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

आमचं सांगलीच्या गावभागातलं घर. मागची भिंत चुन्यातली, दरजा पोकळ झालेल्या. एका कंत्राटदाराने सांगितलं, सिमेंट भरून देतो, पुन्हा बघायला नको. भरलं. करड्या, काटेकोर, लोखंडासारख्या रेघा. आम्ही कौतुकाने हात फिरवून बघितला. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णा घरात आली, गेली. बाजूची भिंत, जिला पैशाअभावी कुणी हात लावला नव्हता, ती संक्रांतीपर्यंत कोरडी झाली. मागची सिमेंटवाली मे उजाडला तरी ओलसर. मग विटांच्या तोंडावर पांढरी फुलं आली, आणि पुढे विटा पापुद्र्यांनी सुटायला लागल्या. दरजा जशाच्या तशा उभ्या, विटा आत गेलेल्या. फणीचे दात शाबूत आणि केस गळालेले, असं काहीतरी ते दृश्य होतं.

झालं होतं काय? भिंतीत पाणी शिरतंच; पावसाचं, जमिनीतून चढणारं, न्हाणीचं. ते अडवण्यापेक्षा बाहेर कुठून जाणार हे महत्त्वाचं. चुन्याच्या दरजेत बारीक बारीक छिद्रं असतात, पाण्याला ती मोकळी वाट. पाणी दरजेच्या तोंडाशी येऊन उडून जातं, आणि त्यात विरघळलेले क्षार तिथेच मागे राहतात. सिमेंटच्या दरजेने ही वाट बंद केली. मग पाणी विटेतून निघालं, आणि क्षार विटेत साठले. यालाच आपण लोणा म्हणतो.

लोणा नुसता डाग असता तर पुसला असता. पण या क्षारांमधला सोडियम सल्फेट बघा. कोरड्या हवेत त्याचे स्फटिक आटोपशीर असतात. हवा दमट झाली की त्यातला प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू जवळ करतो, आणि स्फटिक सुमारे चौपट फुगतो. विटेच्या केसाएवढ्या छिद्रात बसलेला पाहुणा एका रात्रीत चौपट झाला तर घराचं काय होईल? आणि हे उन्हाळा-पावसाळा, उन्हाळा-पावसाळा चालतं. जुन्या विटेची बाहेरची भाजलेली कातडी तेवढी टणक, आत ती मऊ. कातडी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली की आतल्या विटेला वाली नाही.

आता कळतं, दरज मऊ का. क्षार कुठेतरी साठणार, काहीतरी झिजणार. वीट झिजली तर ती बदलायला भिंत फोडावी लागते. दरज झिजली तर उकरून भरता येते. दुरुस्तीला आलेले वयस्कर गवंडीमामा चिमटीत दरजेची पूड चोळून म्हणाले, "ताई, विटंपेक्षा मऊ पायजे. भाकरीपेक्षा कोरड्यास कडक असतंय व्हय कधी?" (कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबरची पातळ भाजी.)

मऊ म्हणजे लेचापेचा नव्हे. विजापूरचा गोल घुमट आठवा. १६५६ च्या सुमाराचा, आतून सुमारे ३८ मीटर रुंद, मधे एक खांब नाही. तो घुमट दगडाचा असेल असं खालून वाटतं. तो विटांचा आहे. आडव्या थरांत बसवलेल्या विटा आणि प्रत्येक थरामधे चुन्याचा जाड लेप. एखादी बाजू केसभर बसली तर चुना जरासा वळून घेतो. बारीक चीर पडलीच तर पावसाचं पाणी शेजारचा चुना किंचित विरघळवून चिरेत नेतं, तिथे तो पुन्हा दगड होतो आणि चीर बुजते. रोमन काँक्रीटमधल्या चुन्याच्या पांढऱ्या गाठींना पूर्वी हलगर्जी कालवणीची खूण समजत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तशा गाठी ठेवून काँक्रीट ओतलं, मुद्दाम चिरा पाडल्या, पाणी सोडलं. दोन आठवड्यांत चिरा बंद! त्या गाठी म्हणजे जखमेसाठी जवळ बाळगलेलं मलम होतं.

मग सिमेंट आलं कुठून? १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने त्याचं पेटंट घेतलं. हा ॲस्पडिन स्वतः विटांचं काम करणारा गवंडी होता, ही मला सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. पोर्टलंडच्या नावाजलेल्या दगडासारखं दिसतं म्हणून नाव ठेवलं पोर्टलंड सिमेंट. ते हवेसाठी थांबत नाही, पाण्याशीच संयोग पावून झटपट कडक होतं. हल्लीच्या टणक विटांना, आरसीसीच्या घरांना ते शोभतंही. भांडण आहे ते मऊ विटेशेजारी ते बसवण्याशी.

आमच्या भिंतीची दुरुस्ती दिवाळी उलटल्यावर सुरू झाली. पावसात चुना धुपतो आणि चैत्राच्या उन्हात घट्ट व्हायच्या आधीच वाळून पूड होतो. आपल्याकडे दरजांचा मोसम म्हणजे थंडी. मामांनी ग्राइंडर परत पाठवला. यंत्राचं पातं विटेची कड खातं, आणि ती कड परत उगवत नाही. छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल, आतली बाजू चौकोनी ठेवत उकरायचं. मग ब्रशने पूड झाडायची आणि भिंत भिजवायची, नाहीतर तहानलेली वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते.

कालवण एक भाग चुना, तीन भाग वाळू. हे प्रमाण कुणी ठरवलं? तुम्ही स्वयंपाकघरात ठरवू शकता. पेला कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि त्यात मोजून पाणी ओता. साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी आत मावतं! भरलेला पेला तिसरा हिस्सा रिकामा होता. कणांमधली ती पोकळी भरेल एवढाच चुना घालायचा. कमी घातला तर वाळू सुटी राहते, जास्त घातला तर सुकताना तडे जातात. पूर्वी त्यात सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूडही पडे. जागोजाग गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद घालायची रीत होती. ऐकायला अंधश्रद्धा वाटते, पण साध्या पाण्यापेक्षा साखरेच्या पाण्यात चुना कितीतरी जास्त विरघळतो. चीनमध्ये चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. २०१० साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातला स्टार्च चुनखडीचे स्फटिक लहान आणि दाट ठेवतो.

मामा थापीच्या पाठीवर कालवण घेऊन बारीक पट्टीने ते दरजेत ढकलायचे. एका वेळी थोडंच, दाबून, मग थांबून पुढचा थर. अंगठा रुतेना पण नख उमटतंय, अशा बेताला आलं की ताठ ब्रशने ठोकायचे, म्हणजे वरची साय मोडते आणि छिद्रं उघडी राहतात. मग वरून ओली गोणपाटं. इथे चुन्याचा आणखी एक चमत्कारिक हट्ट कळला. हवेतला वायू चुन्याला पाण्यात विरघळूनच भेटतो, म्हणून दरज कोरडी चालत नाही. पण छिद्रं पाण्याने तुडुंब असतील तर हवा आत येणार कशी? म्हणून ओली करायची, थोडी सुकू द्यायची, पुन्हा ओली. दोन-तीन आठवडे मामांचा नातू सकाळ-संध्याकाळ येऊन पोती भिजवून जायचा आणि जाताना आमच्या कुत्र्यावरही एक तांब्या ओतायचा.

पुढच्या वैशाखात मला राहवलं नाही. कोपऱ्यातल्या एका दरजेचा बोटभर खोल तुकडा मी छिन्नीने काढला. कुंकू कसं करतात ठाऊक आहे ना? हळदीला चुना लावला की ती लाल होते. वाटीत हळदीचं पाणी केलं आणि तुकड्याच्या ताज्या तुटलेल्या अंगावर चमच्याने सोडलं. बाहेरच्या कडेला जेमतेम नखाएवढ्या पट्टीत ते पिवळं राहिलं, फार तर नारंगीकडे झुकलं. तिथला चुना दगड झाला होता. त्याच्या आतला सगळा भाग बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. तिथे अजून चुनाच होता, आपल्या वाटणीच्या हवेची वाट बघत.